विमानाचे पॉइंट आणि वरच्या वर्गाची जागा



मालवण-वेंगुर्ल्याच्या श्रोत्यांशी विमानप्रवासाबद्दल बोलावे, ही गोष्ट एके काळी थट्टेची वाटली असती. मुंबईला जायचे म्हणजे आगबोट, नाहीतर घाटातून जाणारी एस. टी., एवढेच आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक. 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि अंतर कमी झाले. 9 ऑक्टोबर 2021 रोजी चिपी-परुळ्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जानेवारी 2023 पासून आपल्या सीमेपलीकडे, पेडणे तालुक्यातल्या मोप्याहूनही विमाने सुटू लागली. आणि आपल्या वाडीवाडीत एखादे तरी घर असे आहेच की, ज्यातला मुलगा आखातात, जहाजावर किंवा विलायतेत नोकरीला आहे. अशा घरांत विमानाच्या तिकिटामागोमाग आणखी एक शब्द आला आहे, तो म्हणजे 'पॉइंट'. हे पॉइंट देऊन विमानात वरच्या वर्गाची जागा घेऊ म्हटले, तर ती मिळता मिळत नाही. असे का होते, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम हे पॉइंट म्हणजे काय ते पाहू. आपण एकाच विमान कंपनीने वारंवार प्रवास केला की कंपनी आपल्या नावे काही गुण मांडते. ते साठले की त्यांच्या बदल्यात तिकीट द्यावे, किंवा मागच्या जागेवरून पुढच्या ऐसपैस जागेवर बसवावे, असा करार. या प्रथेला मोठे रूप आले ते अमेरिकेत. तेथे 1978 साली कायदा बदलला आणि विमानभाडी ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. मग चढाओढ लागली. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने 1 मे 1981 रोजी आपली पॉइंट-योजना सुरू केली. काही दिवसांतच युनायटेड कंपनीने तिचे अनुकरण केले, आणि पाहता पाहता ही रीत जगभर पसरली. पुढे बँकांची क्रेडिट कार्डेही यात आली. आज वाण्याकडचा किराणा कार्डावर घेतला तरी पॉइंट पडतात.

आता जागेकडे वळू. चिपीहून सुरू झालेली विमाने एटीआर जातीची, पंख्यांची, सुमारे सत्तर जागांची. त्यांत सर्वांच्या खुर्च्या सारख्याच. तेथे वरचा वर्गच नाही, मग पॉइंट देऊन वर जाणार कुठे? मोठ्या विमानांत मात्र पुढच्या भागात मोजक्या रुंद खुर्च्या असतात. लांबच्या प्रवासात त्यांतल्या पुष्कळशा पसरून आडवे होता येते. तरुण माणसाला ती चैन वाटेल. पण गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला नऊ-दहा तास पाय दुमडून बसणे म्हणजे शिक्षाच. मुलगा पॉइंट साठवतो तो बहुधा आईबापांसाठी.

अडचण येथून सुरू होते. पहिली आडकाठी तिकिटाची. एकाच वर्गातल्या, एकाच ओळीतल्या दोन खुर्च्यांची तिकिटे एकाच जातीची नसतात. एक स्वस्तातले, एक महागाचे. सर्वांत स्वस्त तिकिटावर पुष्कळ कंपन्या वरची जागा देतच नाहीत. दुसरी आडकाठी कंपनीची. तिकीट एका कंपनीने विकलेले, विमान दुसरीचे, आणि पॉइंट तिसरीकडचे, असे झाले की काम अडते. तिसरी आडकाठी संख्येची. पुढे दहा खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी पॉइंटवाल्यांसाठी त्यांतल्या दोनच राखलेल्या असतात, कधी एकही नसते. उरलेल्यांनी प्रतीक्षायादीत राहावयाचे. आणि तेथे रांग आली त्या क्रमाने लागत नाही. ज्याचा कंपनीकडे मान मोठा, तो आपल्यापुढे जातो.

तुम्ही म्हणाल, जागा रिकामी जाण्यापेक्षा पॉइंटवाल्याला दिली तर कंपनीचे काय बिघडते? येथेच सारी मेख आहे. कंपनीच्या दृष्टीने खुर्ची रिकामी ठरते ती विमानाचे दार बंद झाल्यावर. तोपर्यंत रोख पैसे देणारा कोणी येईल, अशी तिला आशा असते. कोणत्या दिवशी कोणत्या विमानाला किती गिऱ्हाईक येते, याचे वर्षानुवर्षांचे आकडे गणकयंत्रात असतात. त्यांवरून यंत्र अंदाज बांधते आणि जागा धरून ठेवते. म्हणून गणपतीत, मे महिन्यात, नाताळात, म्हणजे जेव्हा आपल्याला जागा हवी असते तेव्हा, पॉइंटांना कोणी विचारीत नाही. आडदिवशी, जेव्हा आपल्याला कुठेच जायचे नसते, तेव्हा जागाच जागा.

आपल्या रेल्वेची रीत याहून निराळी आहे. 2006 साली रेल्वेने एक योजना काढली. गाडीचा तक्ता तयार होताना वरच्या वर्गात जागा उरली असेल, तर पूर्ण भाडे भरलेल्या आणि संमती दिलेल्या प्रवाशाला यंत्रच वर नेऊन बसविते. जादा पैसा नाही, पॉइंटही नाही. त्याची खालची जागा प्रतीक्षायादीतल्याला मिळते. यात रेल्वेचाही लाभ आहेच, कारण खाली रांग मोठी असते. पण रेल्वे वर्षानुवर्षे आधी वचन देऊन ठेवीत नाही. विमान कंपनी वचन आधी देते, आणि ते पुरे केव्हा करावयाचे हे आपल्याकडे ठेवते.

आमच्या बाजूच्या वाडीतले एक कुटुंब आहे. मुलगा लंडनला. त्याने पाचसहा वर्षे पॉइंट साठविले, ते आईवडिलांना एकदा आरामात आपल्याकडे न्यावे म्हणून. तिकिटे स्वस्तात मिळाली ती त्याने घेतली. मग कळले की, त्या तिकिटांवर वरची जागा मिळत नाही. वरकड पैसे भरून त्याने ती बदलून घेतली. तरी प्रतीक्षायादी. निघण्याच्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर सांगण्यात आले की, एक जागा आहे, दोन नाहीत. वडील म्हणाले, तू जा पुढे. आई म्हणाली, "मी येकटी थंय बसान काय करू?" दोघेही मागे बसून गेली. पॉइंट खात्यात तसेच राहिले. कोणी फसविले म्हणावे, तर तसेही नाही. प्रत्येक गोष्ट नियमात लिहिलेली होती. पण आईचे गुडघे नऊ तास दुखायचे ते दुखलेच.

श्रोते हो, आपल्या किनाऱ्यावर रापण ओढतात ती तुम्ही पाहिली आहे. दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढतात. जाळे वाळूवर आले की मासळीचे वाटे पडतात. कधी मासळी भरपूर, कधी नुसता कचरा. वाटा लहान आला म्हणून कोणी हळहळेल. पण मासळी किती आली हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. पॉइंटांच्या रापणीत दोर आपण ओढतो, जाळे मात्र बंद खोलीत उघडते. किती जागा होत्या, कोणाला गेल्या, हे आपल्याला दिसत नाही. आणि वाट्याचे मापही मध्येच बदलते. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने कोणत्या प्रवासाला किती पॉइंट पडतील याचे तक्ते 2015 साली प्रसिद्ध करणेच सोडून दिले.

कोर्टात गेले तर? तेही एकाने करून पाहिले. गिन्सबर्ग नावाचे एक यहुदी धर्मगुरू नॉर्थवेस्ट कंपनीचे मानाचे सभासद होते. ते फार तक्रारी करतात, असे म्हणून कंपनीने 2008 साली त्यांचे सभासदत्व काढून घेतले. कंपनीने सचोटीने वागावयास हवे होते, असा त्यांचा दावा. 2014 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. आधार कोणता, तर तोच 1978 चा कायदा. योजना न पटणाऱ्या प्रवाशाला दुसऱ्या कंपनीची वाट मोकळी आहे, असेही न्यायालयाने सुचविले. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये तेथल्या सरकारच्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांच्या पॉइंट-योजनांची चौकशी हाती घेतली, यावरून तक्रार किती दूरवर पोचली होती ते ध्यानात येईल.

आणि कंपनीच बुडाली तर? ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशरची विमाने थांबली ती पुन्हा उडाली नाहीत. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेज थांबली. तिच्या पॉइंटांचा कारभार निराळ्या कंपनीकडे होता, म्हणून पॉइंट वहीत राहिले. पण ज्यात पुढे बसावयाचे ते विमानच राहिले नाही. उलट विस्तारा कंपनी 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात मिळाली तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट नव्या घरी गेले. म्हणजे आपली शिल्लक कंपनीच्या नशिबाशी बांधलेली. गंमत अशी की, हीच शिल्लक कंपनीला मात्र सोन्यासारखी. 2020 साली करोनाच्या साथीत विमाने उभी होती, तेव्हा युनायटेड कंपनीने आपली पॉइंट-योजना तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले!

मग करावे काय? पॉइंट फुकट पडत असतील तर अवश्य घ्यावेत. पण त्यांना बँकेतली ठेव समजू नये. ठेवीला व्याज चढते. पॉइंटांची किंमत बहुधा उतरते, आणि मुदत संपली की ते जातातही. तिकीट घेण्यापूर्वी विचारावे, या तिकिटावर वरची जागा मिळते का, आणि आज ती शिल्लक आहे का. कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळविण्याआधी हे विचारणे तर फारच अगत्याचे, कारण एकदा तिकडे गेलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. तारीख पुढेमागे करता येत असेल तर सणाच्या आगेमागे जावे. आणि प्रवासी आजारी किंवा वृद्ध असेल, तर पॉइंटांच्या भरवशावर निघू नये. तिच्यासाठी चाकाची खुर्ची आणि वाटेलगतची बैठक आधी मागून ठेवावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. समजा, वरच्या जागेला रोख 18,000 रुपये जादा पडतात. पॉइंटांनी घेतली तर 30,000 पॉइंट आणि वर कराचे 3,000 रुपये. म्हणजे वाचले 15,000 रुपये. एका पॉइंटाला पन्नास पैसे. आता शंभर रुपयांच्या खरेदीला दोन पॉइंट मिळत असतील, तर 30,000 पॉइंटांसाठी खरेदी किती? पंधरा लाखांची. पंधरा लाखांवर पंधरा हजार, म्हणजे शेकडा एक रुपया. तोही जागा मिळाली तर. हे उत्तर मुलाने स्वतः काढले की, पुढे पॉइंटांसाठी नको ती वस्तू घ्यायला त्याचा हात सहसा पुढे होणार नाही.

पैसा आपल्या हातात असतो तोपर्यंत बाजार आपल्याला विचारतो. तोच पैसा पॉइंट झाला की बाजारापुढे उभे राहून आपल्याला विचारावे लागते. हा फरक घरातल्या मुलामाणसांना उमजला, तर आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.