सोडलेला मोठा मासा जगतो का?

कुंभकोणमवरून वाहणाऱ्या कावेरीच्या वरच्या भागात हौशी मंडळी महसीर मासा गळाने पकडून पुन्हा सोडत. तो जगतो का? तिथल्याच महसीरांवर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मासे दगावण्याचं प्रमाण कमी दिसलं. मात्र मोठा मासा जास्त वेळ झुंजतो आणि अधिक दमतो. ‘पोहत गेला म्हणजे वाचला’ असं कुणी म्हणेल, पण हा थकवा नंतरही जिवावर बेतू शकतो. म्हणून दोरी दणकट हवी, म्हणजे झुंज लवकर संपते. गळाला उलटा काटा नसावा. मासा पाण्याबाहेर न काढता, तोंड प्रवाहाकडे ठेवून, तो स्वतःहून निघेपर्यंत हलका आधार द्यावा. कावेरीतला कुबड असलेला महसीर 2018पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे; त्याची अंडी घालणारी एकेक मोठी मादी जपायलाच हवी.