घराचे दुसरे नाक
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



2021 साली कोरोनातून मी उठले, पण गेलेला वास काही परत आला नाही. एके दिवशी कर्जतच्या आमच्या घरी दूध उतू जाऊन गॅस विझला. मी शेगडीपाशीच होते, पण मला पत्ता नाही! सूनबाई ओरडत आली, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

मुळात या गॅसला वास नसतोच. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घालतात. तेव्हा मी गजराचे यंत्र आणले. अशा पुष्कळ यंत्रांत कथिलाच्या ऑक्साइडचा बारीक थर असतो. गॅस लागताच त्यातून वीज अधिक वाहते आणि घंटा वाजते. मुंबईच्या आय. आय. टी.त वाढलेल्या एका कंपनीने तर 2021 साली इवल्या चिपवर चालणारे यंत्र काढले. स्फोटकाचे कण ते दहा सेकंदांत ओळखते.

मात्र ज्याचे नाक त्यालाच कळते. खोपोलीकडच्या कारखान्यातला वायू माझ्या यंत्राला कळेलच असे नाही.

हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून यंत्र जमिनीलगत लावा. घंटा वाजली तर विजेच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा.

माझे नाक गेले. तुमचे घर जाऊ नये, एवढेच सांगते.