पंप बदलताना

वॉरंटी संपत आली की इन्सुलिन पंपाचं नवं मॉडेल खुणावू लागतं. पडद्याचे रंग आणि मोबाइल ॲप नंतर बघा. आधी विचारा, कॅन्युला, नळी, रिझर्व्हायर लालबाग-परळमध्ये वेळेवर मिळेल का, आणि महिन्याचा खर्च किती? कॅन्युला दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. पंपाची किंमत एकदाची, हा खर्च मात्र कायमचा.

रिझर्व्हायर काहींत १८० युनिटांचं, काहींत ३०० चं. दिवसाला ७० युनिट लागणाऱ्याला लहान टाकी तीन दिवससुद्धा पुरत नाही.

सेन्सरशी जोडलेला पंप ऑटो मोडमध्ये बेसल स्वतः कमी-जास्त करतो. जेवणाचा बोलस मात्र बहुधा आपणच सांगायचा. आता गणपतीतला उकडीचा मोदक घ्या. गूळ आणि तांदळाची पिठी रक्तातली साखर लगेच चढवतात, तर खोबरं-तुपामुळे ती उशिरापर्यंत चढती राहू शकते. अशा वेळी बोलस विभागून द्यायची सोय कामी येते. काही पंपांत ती ऑटो मोडमध्ये मिळत नाही, हे विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही!

आणि लालबागच्या राजाच्या दर्शनरांगेत नळी निसटली तर? पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, काही तासांत कीटोन वाढू लागतात. म्हणून पेन आणि ग्लुकोमीटर खिशात हवेतच. डॉक्टर केईएमचे असोत वा खासगी, जुन्या पंपाची सगळी सेटिंग्ज कागदावर उतरवून त्यांना दाखवा. नवा पंप कोराच येतो.