पत्र लिहून काय होतं?

(देवळा येथील कार्यकर्त्या शिबिरात केलेले भाषण)



बाईला पोलीस ठाण्यात मारहाण झाली, तर आपण मोर्चा काढतो, घोषणा देतो. पण ‘पत्रं लिहू या’ म्हटलं की बैठकीत हमखास प्रश्न येतो, ‘ताई, कागदाला कोण भीक घालतं?’ म्हणून आज दोन पत्रांविषयी सांगते. दोन्ही आपल्याच महाराष्ट्रातल्या बायकांसाठी लिहिलेली.

पहिलं १९७९ सालचं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. हेच ‘मथुरा प्रकरण’. नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना दोषी ठरवलं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणजे संमती होती, असा तो तर्क! कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, लतिका सरकार, वसुधा धगमवार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं की पोलीस ठाण्यात गप्प राहणं म्हणजे होकार का? ८ मार्च १९८० ला ठिकठिकाणच्या बाया हाच प्रश्न घेऊन रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली. पण त्या मुलीच्या खटल्याचा निकाल मात्र बदलला नाही. तिच्यापर्यंत न्याय पोचलाच नाही, हे आपण विसरायचं नाही.

दुसरं पत्र बाया अजून आत असतानाच गेलं. १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं तेच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. त्या बायकांना भेटून अहवाल देण्याचं काम निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना दिलं. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालानं सांगितलं की बायकांची कोठडी वेगळी हवी, पहारा स्त्री पोलिसांचा हवा, चौकशी स्त्री पोलिसांसमोरच व्हायला हवी आणि अटकेची खबर नातेवाइकांना दिली पाहिजे.

१९६१ मध्ये लंडनला सुरू झालेली ॲम्नेस्टी संघटनाही याच बळावर उभी राहिली. एका कैद्यासाठी देशोदेशींची माणसं पत्रं लिहितात. आत मारणाऱ्याला कळतं की बाहेर कोणीतरी मोजतंय.

आता आपलं काम. पत्र छोटं असावं. कोणाला, कधी, कुठल्या ठाण्यात नेलं, कोणी पाहिलं आणि आपली मागणी काय, एवढंच. ऐकीव असेल तर ‘ऐकलं’ असंच लिहा. शिवीगाळ नको. एक प्रत नाशिकच्या ग्रामीण पोलीस अधीक्षकांना, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, एक मानवी हक्क आयोगाला. आयोगाकडे मराठीत लिहिता येतं, फी नाही, पण घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. पोस्टाची पावती जपून ठेवा. उत्तर नाही आलं, तर पुन्हा लिहा.

आणि सगळ्यात आधी त्या बाईला विचारा. पत्र आपण लिहितो, पण गावात राहायचं तिला असतं. ती ‘थांबा’ म्हणाली तर थांबायचं. अत्याचाराची तक्रार असेल तर तिचं नाव फलकावर, पत्रकात, कुठेही येता कामा नये.

उद्या आपापल्या गावी जाल, तेव्हा पत्र लिहू शकणाऱ्या पाचजणींची यादी करा. वेळ आली की शोधत बसायला नको.