चाकाविना गाडी आणि दवाखान्यातला चुंबक



बंडीच्या आसाला आपण वंगण का लावतो? आस आणि चाक एकमेकांवर घासतात. घासले म्हणजे बैलांना ओढ जास्त पडते. आगगाडीचंही तसंच. चाक रुळावर टेकलेलं असतं, म्हणून वेगाला मर्यादा पडते. मग चाक टेकलंच नाही तर?

जपानात अशी गाडी चालवून पाहिली आहे. निघताना ती रबरी चाकांवर धावते. वेग आला की चाकं वर घेते आणि चुंबकाच्या जोरावर अर्धी वीत उंच तरंगत जाते. २०१५ साली चाचणीत तिने तासाला ६०३ किलोमीटर वेग गाठला. त्या वेगाने वर्ध्याहून नागपूर आठ मिनिटांत येईल! आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद बुलेट गाडीचं काम चालू आहे. ती मात्र चाकांवरच धावणार आहे.

एवढा मोठा डबा उचलणारा चुंबक कसा असतो? खिळ्याभोवती वेष्टनाची तांब्याची तार गुंडाळा. तिला बॅटरी जोडा. खिळा टाचण्या ओढू लागतो. बॅटरी काढली की ओढ गेली. वीज वाढवली तर तार तापते, कारण तार विजेला अडवते.

१९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञाने पारा अतिशय थंड केला. पाणी शून्य अंशाला गोठतं. हा पारा शून्याच्याही खाली २६९ अंशांपर्यंत नेला. तेव्हा विजेची अडवणूक एकदम नाहीशी झाली! काही खास धातूंच्या तारांतही असंच होतं. अशा थंड वेटोळ्यात वीज एकदा सोडली की ती फिरतच राहते. तार तापत नाही. चुंबक प्रचंड जोरदार होतो. फक्त त्याला सतत थंड ठेवावं लागतं.

आता कामाची गोष्ट ऐका. गाडी जपानात असली, तरी तसाच चुंबक मोठ्या दवाखान्यांत एमआरआय यंत्रात असतो. त्यानं शरीराच्या आतलं चित्र मिळतं. चित्र काढणं थांबलं तरी चुंबक थांबत नाही. रात्रंदिवस तो चालूच असतो.

२०१८ साली मुंबईतल्या एका दवाखान्यात एक तरुण आपल्या नातेवाइकासाठी प्राणवायूचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. यंत्र बंद आहे असं त्याला सांगितलं होतं, असं घरचे म्हणाले. सिलिंडरासकट तो यंत्राकडे ओढला गेला आणि जिवाला मुकला.

म्हणून त्या खोलीत जाण्याआधी अडकित्ता, किल्ल्या, चुन्याची डबी, केसांचे आकडे, दागिने, मोबाईल सारं बाहेर ठेवा. पायात सळई असेल, हृदयाजवळ यंत्र बसवलं असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर आधीच डॉक्टरांना सांगा. सोबत गेलेल्या माणसानंही हेच पाळावं. दारावरची पाटी वाचा. आता तुम्हाला वाचता येतं. ते इथं उपयोगी पडू द्या.