आपलं गाणं रेडिओवर द्यायचं तर

इस्लापूर भागातल्या बचत गटांच्या वतीने आज आम्ही बोलणार आहोत गाण्याबद्दल. हप्त्याचं आणि व्याजाचं दर महिन्याला बोलतोच.

आपल्या किनवट तालुक्यात गाण्याला काही तोटा नाही. जात्यावरच्या ओव्या आहेत, तांड्यावर तीजेची गाणी आहेत, गोंड वस्त्यांवर दिवाळीला दंडारीचा ढोल घुमतो. पण गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओव्या पाठ असलेल्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या. म्हणून बैठकीत पोरी विचारतात, ताई, हे रेडिओवर कसं द्यायचं?

आधी कुठं द्यायचं ते बघू. नांदेडला आकाशवाणीचं केंद्र आहे. तिथं घरी केलेलं रेकॉर्डिंग पाठवलं आणि लागलं, असं होत नाही. अर्ज भरून स्वरचाचणी द्यावी लागते. पास झालं की श्रेणी मिळते, मग बोलावणं आल्यावर स्टुडिओत जाऊन गायचं. त्याचं मानधन मिळतं.

सामुदायिक रेडिओचं वेगळं आहे. आधी अशी केंद्रं फक्त शिक्षणसंस्थांना चालवता येत होती. 2006 सालापासून सामाजिक संस्थांनाही परवानगी मिळाली. आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जातो. पण निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागातून व्हायला पाहिजेत असा नियम आहे. म्हणजे गाणं घेऊन गेलो तर आपण काही उपकार मागायला गेलो नाही, केंद्रालाही आपली गरज आहे. तिकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे. आणि शेजारच्या तेलंगणात, जहीराबादजवळ माचनूर गावी, संघम रेडिओ 2008 पासून दलित शेतकरी बाया चालवतात. माईकही त्यांच्या हातात आणि मशीनही.

आता रेकॉर्डिंग. साधा मोबाईल चालतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात जावयाचा फोन येतो. पंखा बंद, टीव्ही बंद, शेळ्या लांब. पत्र्याच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. त्यापेक्षा जिथं गोधड्यांची चवड आहे, धान्याची पोती आहेत, तिथं बसा. फोन तोंडापासून वीत-दीड वीत लांब आणि जरासा बाजूला धरा, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट येत नाही. सुरुवातीला आणि शेवटी चार-पाच सेकंद गप्प राहा. एकाच गाण्याचं दोनदा रेकॉर्डिंग करा. सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी जाऊन गाऊ नका. फोटो छान येतो, गाणं ऐकू येत नाही.

सिनेमाच्या चालीवर बसवलेलं गाणं शक्यतो देऊ नका. शब्द आपले असले तरी चाल दुसऱ्याची, तिच्या परवानगीचा प्रश्न येतो. आपल्या स्वतःच्या चाली काय कमी आहेत!

आणि आता जे आम्हाला मुद्दाम सांगायचं आहे ते. नाव. आमच्या एका गटातल्या मावशींनी लग्नात हळदीचं गाणं म्हटलं. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं. वर्षभराने तेच गाणं गावोगाव फिरत होतं, खाली नाव भलत्याचंच. मावशी म्हणाल्या, जाऊ दे माय, गाणं तर देवाचं. आम्हाला ते पटलं नाही. परंपरेचं गाणं सगळ्यांचं असतं, हे खरं. पण ते ज्या गळ्यातून आलं त्या गळ्याचा हक्क कायद्यात आहे. कॉपीराइट कायद्यानुसार गाणाऱ्याचा आपल्या गायनावरचा हक्क 50 वर्षं राहतो. मग ती रेडिओवर गाणारी असो की ओसरीवर.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गावोगाव कार्यकर्त्यांना घेऊन जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही आहेत, 1996 साली रेकॉर्ड केलेल्या. आज त्या इंटरनेटवर ऐकता येतात, आणि ओवीसोबत बाईचं नाव असतं, गाव असतं. नुसतं 'पारंपरिक' लिहून ते मोकळे झाले नाहीत.

म्हणून गाण्याच्या आधी वेगळं रेकॉर्डिंग करून तिच्याच तोंडून बोलवून घ्या: माझं नाव अमुक, गाव अमुक, हे गाणं मी आईकडून किंवा सासूकडून शिकले, हे रेडिओवर लावायला माझी हरकत नाही. नवरा नको म्हणतो, सासरे काय म्हणतील, अशी तिची अडचण असेल तर आधी घरी जाऊन बोला. गुपचूप रेकॉर्डिंग पाठवू नका. साथीला टाळ्या आणि ढोलकी कुणाची तेही लिहा. गोंडी किंवा गोरमाटी गाणं असेल तर अर्थ मराठीत दोन ओळींत द्या, म्हणजे निवेदिकेला सांगता येतो. केंद्राने संमतीचा कागद दिला तर सहीआधी मोठ्याने वाचून घ्या. फक्त रेडिओसाठी आहे की इंटरनेटवरही टाकणार, आणि पुढे दुसऱ्या कुणाला देणार का, एवढं विचाराच. ठराव वहीत नोंद करा, तारखेसह.

पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करून पाठवू नका, आवाज दबतो. डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर पेनड्राईव्हवर घालून नेऊन द्या. आणि मूळ रेकॉर्डिंग गटातल्या दोघींच्या फोनमध्ये ठेवा. गाणं कोणत्या दिवशी, किती वाजता लागणार ते विचारून या, म्हणजे तिच्या लेकीला सासरी कळवता येईल.