घडीच्या चाकूचा खटका तपासा, बोटं सांभाळा



पावसाळा आला की रोपवाटिकेत आंब्याची कोय कलमं बांधायची घाई सुरू होते. चाकूच्या धारेकडे आपलं लक्ष असतं, सांध्याकडे मात्र कुणी बघत नाही. काम चालू असताना पातं मिटलं तर ते थेट बोटांवर येतं. बोट वाकवणारी शीर तुटली तर ऐन हंगामात हात बसून राहतो, आणि पुढं बोट पूर्वीसारखं वळेलच असं नाही.

घडीचे चाकू मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्यात मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. ती पातं नुसतं धरून ठेवते, अडकवून ठेवत नाही. कलमाचे आणि डोळे भरण्याचे बरेच चाकू या प्रकारचे असतात. दुसऱ्यात खटका असतो. कुठं पाठीतली दांडी पात्याच्या खाचेत बसते, कुठं मुठीतली पट्टी पात्याच्या बुडाशी आडवी येते. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूत मानेवरची कडी फिरवून पातं अडवतात.

कापताना जोर धारेवर पडतो, त्यामुळं पातं उघडंच राहतं. पण टोक खुपसलं, पाठीनं साल सोडवली किंवा लाकडात अडकलेलं पातं हिसका देऊन ओढलं, की जोर उलटा पडतो.

खटका आहे म्हणून निर्धास्त राहू नका. समजा, खिळ्यापासून टोक 8 सेंटिमीटरवर आणि खटका 1 सेंटिमीटरवर आहे. टोकाशी पाठीकडून 5 किलोचा जोर आला, तर खटक्यावर 40 किलोचा भार येतो. खाचेत चीक-माती बसली असेल किंवा खटका झिजला असेल, तर तो निसटणारच.

म्हणून एवढं करा :

1. रोज काम सुरू करण्यापूर्वी पातं उघडून खटका पूर्ण बसला का ते बघा. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडावर हळूच दाबा. पाठ आपटून परीक्षा घेऊ नका. त्यानं चांगला खटकाही बिघडतो.

2. पातं डाव्या-उजव्या बाजूस हलत असेल तर खिळा कसून घ्या. तरीही खटका सुटत असेल तर तो चाकू बाजूला ठेवा.

3. संध्याकाळी सांध्यातला चीक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, कोरडा करा, तेलाचा एक थेंब सोडा.

4. चाकूनं डबे उचकटू नका, खुंट्या फोडू नका. जोराच्या कामाला बिनघडीचा चाकू किंवा कोयता घ्या.

5. धार लावून ठेवा. बोथट पात्याला जोर जास्त लागतो आणि हात घसरतो.

जखम झालीच तर स्वच्छ पाण्यानं धुऊन कापडानं दाबून धरा आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

मजुरांच्या हाती चाकू देण्याआधीही ही तपासणी करा. त्यांची बोटं हेच त्यांचं भांडवल आहे.